दुसरं पान

"चाळीस कुंड्या, आणि एकीतही वीतभर रोप नाही? फाल्गुनात मोठे साहेब येणार आहेत, धुळाप्पा."

"एकच पान हाय अजून, दिवाणजी. दुसरं पान उघडूस्तवर पामचं रोप बीवरच जगतंय. तवर खत घातलं तर मुळ्या जळत्यात."

विरुपाक्ष दिवाणजींनी काठीनं कुंडीजवळचं पोतं दाखवलं. "विलायती खत मुद्दाम मागवलंय. उद्या घाल. तुला जमत नसेल तर दुसरा माळी बघतो."

सोलापुरातल्या मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यावर धुळाप्पा अठरा वर्षं माळी होता. या बिया त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, फाटकाजवळच्या मोठ्या पामाखालून वेचल्या होत्या. भिजवून, कुंड्यांत पेरून, रोज पाणीही तिनंच घातलं होतं. श्रावणात ती तापानं गेली. कोंब वर आले ते कार्तिकात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सांगोल्याहून निरोप आला. थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. धुळाप्पानं मुलीला सांगितलं, "अंबू, कुंड्यांना दिसाआड पाणी घाल. आठ दिवसांत येतो."

अंबुबाईला नवऱ्यानं टाकलं होतं. बंगल्यामागच्या खोलीत बापाजवळ तिला दोन वर्षं झाली होती. त्या खोलीशिवाय तिला दुसरं छप्पर नव्हतं.

धुळाप्पा परतला तो थेट कुंड्यांकडे गेला. पानांची टोकं तपकिरी पडली होती, काही पानं देठापर्यंत वाळली होती. मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसत होता. त्यानं दुपारपर्यंत एकेका कुंडीत भरपूर पाणी ओतून माती धुतली, वर बारदानाची सावली केली. चार दिवसांत चाळीसही रोपं गेली.

पाचव्या दिवशी तो मेलेली रोपं उपटायला बसला. अंबुबाई मागं येऊन उभी राहिली.

"आबा, मीच घातलं खत. दिवाणजी रोज येऊन बघायचे. तुमची चाकरी गेली तर आपुन कुटं जायचं?"

धुळाप्पाच्या हातातल्या रोपाला बी अजून चिकटून होती. त्यानं ती नखानं फोडली. आतला पांढरा गर निम्म्याहून जास्त शिल्लक होता.

"तुझ्या आईनं निवडून टपोऱ्या बिया घेतल्या हुत्या," एवढंच तो म्हणाला. अंबुबाई खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. तो तिला रागावला नाही.

दुपारी दिवाणजींनी विचारलं, "कुणी घातलं?"

"मीच घातलं. हाताला जास्तीचं पडलं."

दिवाणजींना ते खोटं कळलं असावं. तो सांगोल्याला होता हे त्यांना ठाऊक होतं. पण खत घालायला त्यांनीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "साहेबांना काहीतरी सांगावं लागेल. खोली राहू दे तुझ्याकडं. पण उद्यापासून बागेत येऊ नकोस. तबेल्यातल्या घोड्यांसाठी गवत कापत जा."

"बरं, जी."

संध्याकाळी अंबुबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती उठेना, तेव्हा धुळाप्पानं चूल पेटवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. भाकरी कडेला फाटली आणि मध्ये करपली. करपलेला भाग त्यानं आपल्याकडे ठेवला, उरलेली मुलीच्या ताटलीत घातली आणि हात धुऊन, ती उठून बसेपर्यंत तिच्याजवळ थांबला.