एकोणसाठ गुणसूत्रं

"नमुना खराब, एवढंच लिहा," साहेब म्हणाले. "एखादं गुणसूत्र काचेवरून वाहून गेलं असेल. होतं असं."

"शंभरच्या शंभर पेशींत?" प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं.

बाईंची सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी गेली होती. गाईबैलांच्या पेशीत साठ गुणसूत्रं असतात. पैदास केंद्राच्या देखण्या देशी वळूत त्यांना एकोणसाठ सापडली. हरवलं काहीच नव्हतं. दोन एकमेकांना चिकटून एक झाली होती. वळू धडधाकट होता, पण त्याच्या रेतमात्रा दिलेल्या गाई जास्त उलटत होत्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येत होत्या, आणि त्याच्या निम्म्या लेकी हाच दोष घेऊन वाढणार होत्या.

"बाई, या जातीचे वळू उरलेत किती? त्यात हा आपल्या कॅलेंडरवर आहे."

"म्हणूनच सांगतेय. उरलेल्यांत हेच पसरलं तर?"

"पुढच्या वर्षी बघू. तोवर तुम्ही निवृत्त व्हाल. कशाला डोक्याला ताप?"

बाईंची कानशिलं तापली. नमुना खराब म्हणजे तो तयार करणारा हात खराब.

बाहेर बाकावर गोठ्यागोठ्यात जाऊन याच वळूच्या रेतमात्रांनी गाई भरवणारा रेतनवाला बसला होता. हातात नोटीस. गाई गाभ राहत नाहीत, कामात निष्काळजीपणा, कामावरून कमी का करू नये? खाली याच साहेबांची सही.

"ताई, लोक तोंडावर म्हणतात, तुझ्या हाताला यश नाही. काल एकाने गोठ्यात पाऊल टाकू दिलं नाही. बायको म्हणते, भाजीची गाडी लावा."

"आत या. इथे डोळा लावा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मोजता येतं ना?"

तो वाकला. ओठ हलवत, बोटांची पेरं चाचपत मोजू लागला. मध्येच चुकला, स्वतःलाच शिवी हासडली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "एकोणसाठ."

बाईंनी दुसरी पेशी समोर आणली. एकोणसाठ. तिसरी. तीच.

"म्हणजे माझा हात..." तो पुन्हा वाकला.

बाईंनी अहवाल ओढला. आकडा अंकांत लिहिला, अक्षरांत लिहिला, सही ठोकली. एक प्रत त्याच्या नोटिशीला टाचली.

"बाई!" साहेब दारात उभे होते. "याचे परिणाम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"साहेब, जरा हळू," रेतनवाला डोळा न काढता म्हणाला. "चौथी मोजतोय."