पान चारवरची आई

अर्हमने पाठवलेल्या यादीत अकरा मुद्दे होते आणि तिसरा एवढाच होता : आई मरणार, पान चारपर्यंत.

मृणालीने तो दोनदा वाचला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई तिथे जिवंत होती आणि बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीचं पीठ घाटत होती.

मृणाली तायडे जळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे, म्हणजे गणिताला जे तास कमी पडत ते पुरवत असे. उरलेल्या वेळात, पाच उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून, तिने 'झळ' काढली होती. झळ ही दिवसा विजेच्या मीटरचं रीडिंग घेत हिंडणारी एक मुलगी. तिने कशावर हात ठेवला की त्यातली उष्णता तिच्यात उतरते. पत्र्याच्या घराला तिने तळहात टेकला की आत रडणारं बाळ झोपी जातं. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि लोक ते थोड्या अभिमानानेच सांगतात, तिथे याहून मोठी शक्ती कुणाला सुचणं कठीण. उडता येणं वगैरे ठीक आहे, पण वर गेलं तरी ऊनच.

हे कॉमिक छापणार होते वह्यावाले फुलचंदशेठ. त्यांचे आजोबा मारवाडातून आले ते पारोळ्याला किराणा विकायला बसले. नातवाने जळगावात वह्यांचा कारखाना काढला. फुलचंदशेठचा मुलगा अर्हम पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता. शाळा उघडताना वह्यांच्या गठ्ठ्यासोबत एक कॉमिक दुकानात गेलं पाहिजे, ही कल्पना त्याची. कल्पना चांगली होती. फक्त तिच्याबरोबर यादी आली.

"मुद्दा एक बघा ताई," तो फोनवर म्हणाला. "प्रयोगशाळेत अपघात होतो आणि शक्ती येते."

"जळगावात प्रयोगशाळा कुठली दाखवू?"

"कुठलीही."

"मातीपरीक्षणाची चालेल?"

"मग मुद्दा दोन घ्या. काहीतरी चावतं."

"माझ्या मामाला विंचू दोनदा चावलाय, अर्हमभाऊ. ते अजून ग्रामसेवकच आहेत."

"बरं, ते दोन्ही सोडा. पण आईचं सोडता येणार नाही. धुळ्याचे वितरक म्हणाले, आई मेल्याशिवाय मुलगी घराबाहेर कशाला पडेल?"

"मीटर बघायला."

"ताई, सोमवारी पहिला फर्मा मशीनवर चढतो. एका फर्म्यात सोळा पानं, त्यात तुमचं चौथं आलंच. आई गेली तर छापू. नाहीतर त्या सोळा पानांत मी पाढे आणि नकाशे घालतो. मग पुढच्या जूनचं पुढच्या जूनला." हे तो अगदी अदबीने म्हणाला. वाईट बातमी अदबीने सांगणं हा त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग असावा.

पुढच्या जूनचं काय होतं हे मृणालीला ठाऊक होतं. मागचे चार जून वेगवेगळ्या प्रकाशकांनी पुढे ढकलले होते.

तिने फोन ठेवला तेव्हा शेवंताबाई हातात पळी घेऊन दारात उभ्या होत्या.

"मी कशानं मरते?"

"ती तू नाहीस, आई."

"मग तिच्या चष्म्याला दोरा का?"

टेबलावरच्या चित्रातल्या आईच्या चष्म्याला खरंच दोरा होता. शेवंताबाईंनी पारोळा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना 'सिस्टर' म्हणत. त्यांच्या चष्म्याची काडी टाके घालायच्या धाग्याने बांधलेली होती आणि धागा सरकारी असल्यामुळे अजून टिकून होता.

त्यांनी पळी ताटलीत ठेवली आणि पान चारचा कच्चा आराखडा वाचला. चोर येतो, चाकू मारतो, आई लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून नऊ ओळींचा संदेश देते.

"पोटात चाकू लागलेलं माणूस नऊ ओळी बोलत नसतं," त्या म्हणाल्या. "पाणी मागतं. आणि ते द्यायचं नसतं. केस पेपर कोणी काढला?"

"आई, कॉमिक आहे."

"असू दे. तुझं पुस्तक निघत असेल तर मरायला माझी हरकत नाही. कागदावरच मरायचंय. पण एक सांग, तुझे बाबा गेले तेव्हा तुला कोणती शक्ती आली?"

मृणालीने खरोखर आठवून पाहिलं. बाबा गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. शक्ती काही आली नाही. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स आल्या, आणि पुढे सहा महिने तिने पेन्सिल हातात धरली नाही. त्या सहा महिन्यांत आई रोज ड्यूटीवरून येताना रद्दीत निघालेले पाठकोरे छापील कागद आणून टेबलावर ठेवायची. काही बोलायची नाही. 'काढ' असंही म्हणायची नाही. एके दिवशी गठ्ठा इतका उंच झाला की ताट ठेवायला जागा राहिली नाही, आणि जागा करायची म्हणून मृणालीने एक कागद उचलला. झळचा पहिला चेहरा हिवताप प्रतिबंधाच्या पत्रकामागे काढलेला होता.

"काहीच नाही आली," ती म्हणाली.

"तेच म्हणते," शेवंताबाई म्हणाल्या आणि पीठ लागेल म्हणून आत गेल्या.

शनिवारभर मृणालीने आईला मारण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. पहिल्या खेपेला चाकू पळीसारखा दिसू लागला. दुसऱ्या खेपेला आई पडली, पण पडता पडता तिने गॅस बंद केला. तिसऱ्या खेपेला तिने चोराला बसायला सांगितलं आणि तोंड इतकं का सुकलंय म्हणून विचारलं. संध्याकाळी चौथं पान कोरंच राहिलं.

रविवारी मुद्दा चार होता : मुखवटा आणि दुहेरी आयुष्य. जाहिरातीसाठी भर चौकात फोटो काढायचे असं अर्हमने ठरवलं होतं. नाशिकहून यायची होती ती मॉडेल फोनवर जळगावचं तापमान बघून आजारी पडली. तेव्हा निळा पोशाख मृणालीच्या अंगावर आला आणि डोळ्यांवर निळी पट्टी. वेळ दुपारी बाराची, कारण अर्हमला सावली नको होती.

"बघा आता," तो म्हणाला. "गर्दी होईल. ही मुखवट्यातली कोण, म्हणून लोक विचारतील."

एकानेही मान वळवली नाही. यात लोकांचा दोष नव्हता. मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर प्रत्येक जण डोक्यापासून गळ्यापर्यंत रुमाल नाहीतर स्कार्फ गुंडाळून, वर गॉगल लावून फिरतो. बायकांच्या हातांत कोपरापर्यंत मोजे असतात. चौकात तेव्हा साठेक माणसं असतील. त्यांत सगळ्यात उघडा चेहरा महानायिकेचा होता.

तेवढ्यात एक स्कूटर थांबली. स्कार्फच्या आतून आवाज आला, "टीचर, निकालाच्या दिवशी प्राचीची चित्रवही राहिली हो तुमच्याकडे." स्कूटर गेली.

"यांनी कसं ओळखलं?" अर्हमने विचारलं.

उत्तर रसवंतीवाल्या झुलालने अहिराणीत दिलं. तो मूळचा पारोळ्याकडचा, आणि ऊस चरकात घालताना जगाकडे बघत राहणं हा त्याचा जोडधंदा. "भाऊ, आठे तोंड कोन दखस? चाल दखतस. मॅडम शेतस हाई बठ्ठासले माहीत शे."

"मग दुहेरी आयुष्य संपलंच की."

"संपनं कसं? भाईरनाले कोनी सांगाव नही." झुलालने ग्लास पुसला. "मॅडमनी निया कपडा घाल्या, त्यासनं काही काम व्हई. आपले काय?"

मृणालीच्या हातात वही नव्हती, नाहीतर तिने हे तिथेच लिहून घेतलं असतं. पाच वर्षं तिला मुखवट्याचं कोडं सुटलं नव्हतं. सगळ्या गल्लीला माहीत असतं आणि बाहेरच्याला कोणी सांगत नाही, हे कोडं नव्हतंच. ती तर शेजाऱ्यांची रीत होती. ती वाढली त्या बुद्धविहाराच्या गल्लीत कोणाच्या घरी काय शिजत नाही हेसुद्धा असंच सगळ्यांना माहीत असायचं, आणि वाटी मागच्या दाराने यायची.

अर्हमने मात्र रुमाल बांधला नव्हता. काळा टी-शर्ट, उघडं डोकं आणि दीड तास ऊन. आधी त्याने फोटोग्राफरला मुद्दा पाच सांगितला : जिवलग मित्र खलनायक निघतो. मग तो विजेच्या खांबाकडे वळला आणि त्याला मुद्दा सहा समजावू लागला. खलनायक नायिकेला बांधून ठेवतो आणि मारायचं सोडून आपला बेत पाच पानं सांगत बसतो. खांब ऐकून घेत होता. तेव्हाच मृणालीच्या लक्षात आलं की अर्हमला घाम येत नाहीये.

चौकाच्या त्या टोकाकडून पांढऱ्या ओढणीत गुंडाळलेली एक बाई भराभर येत होती. चालीवरून ओळखू आली. मृणाली घरी कांदा विसरली होती. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, यावर एकतीस वर्षं औषधं वाटूनही शेवंताबाईंचा विश्वास कायम होता.

"सिस्टर उन्यात," त्यांना पोचलेलं पाहून झुलाल म्हणाला आणि चरक बंद केला.

शेवंताबाईंनी अर्हमच्या मानेला हात लावला. "सावलीत घ्या याला. झुलाल, बर्फ. फडक्यात बांधून काखेत आणि मानेला लाव. मृणाली, टी-शर्ट काप."

"ब्रँडेड आहे," अर्हम पुटपुटला.

"काप."

त्यांनी फोटोग्राफरला रुग्णवाहिकेला फोन लावायला सांगितलं आणि त्याच्या हातातली पांढरी परावर्तक छत्री घेऊन स्वतःच वारा घालायला सुरुवात केली. कोणीतरी रसाचा ग्लास पुढे केला. "तोंडात काही घालू नका, नीट शुद्धीवर येऊ द्या," त्या म्हणाल्या. मृणालीने दोन्ही तळवे ओल्या फडक्यावर, त्याच्या छातीवर दाबून धरले होते. फडकं गरम व्हायचं, ती पुन्हा भिजवायची. निळ्या पोशाखात आपण काय करतो आहोत, हे तिला बऱ्याच वेळाने जाणवलं.

संध्याकाळी अर्हम रुग्णालयात सलाईन लावून पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, धोका टळलाय, आजची रात्र राहू दे. फुलचंदशेठ पायाशी बसले होते, शेवंताबाई स्टुलावर. मृणालीने आता साधे कपडे घातले होते.

"सिस्टर, तुम्ही दहा मिनिटं उशिरा आला असता तर..." फुलचंदशेठ म्हणाले.

"मुद्दा सात," अर्हम डोळे मिटूनच म्हणाला. "ऐन वेळी येऊन वाचवणं." मग त्याने डोळे उघडले. "मावशी, उपकार विसरणार नाही. पण ताई, म्हणून मी मत बदलीन असं समजू नका. तो मुद्दा नऊ होईल. खलनायकाचं हृदयपरिवर्तन. तुम्हीच म्हणाला होतात, फार वापरून झालंय."

ती तसं म्हणाली होती खरी.

"मत बदलू नका," मृणाली म्हणाली. "पण ते पान मी देणार नाही. तीनदा करून पाहिलं. माझी आई मरत नाही, अर्हमभाऊ. छापायचं तर जिवंत आईसकट छापा, नाहीतर पाढे छापा."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पाच उन्हाळे तिने एका वाक्यात पणाला लावले. सलाईनचे थेंब पडत राहिले.

"धुळ्याच्या वितरकांना आई आहे?" फुलचंदशेठनी विचारलं.

"आहे, पप्पा."

"वय?"

"ब्याऐंशी."

"मग ते घराबाहेर कसे पडले?"

"पण पान चारवर काहीतरी तुटावं लागतं," अर्हम म्हणाला. आवाज आता वाटाघाटीचा होता आणि मृणालीला तो ऐकून बरं वाटलं. "वाचकाला काहीतरी तुटलेलं हवंच."

"चष्मा तोडा," शेवंताबाई स्टुलावरून म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"चोराचा धक्का लागून पडतो. काडी तुटते. पोरगी दोऱ्याने बांधून देते आणि त्याच्या मागे जाते. मी म्हणते, जा, मी आहे घरी." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि कांदा घेतला का म्हणून विचारते."

"कांदा नको," अर्हम म्हणाला.

"कांदा राहील," फुलचंदशेठ म्हणाले.

मृणालीने पान तिथेच, खिडकीत बसून काढायला घेतलं आणि अंधार पडायच्या आत पुरं केलं. सहा चौकटी. शेवटच्या चौकटीत झळ दाराबाहेर आहे, गल्लीतले सगळे तिला ओळखतात आणि सगळे दुसरीकडे बघतायत. आई दारात उभी आहे. घरी परत यायला कोणीतरी आहे म्हणून निर्धास्त बाहेर पडलेली मुलगी कशी उभी राहते, हे काढायला तिला मॉडेल लागली नाही.

सोमवारी सकाळी फर्मा मशीनवर चढला. शाई जुळेपर्यंतचे पहिले शंभरेक कागद वाया जातात, ते मशीनवाला बाजूला टाकत होता. शेवंताबाईंनी त्यातला एक उचलला आणि चष्मा नाकावर सरकवून चौथं पान बारकाईने तपासलं.

"दोरा बरोबर बांधलाय," त्या म्हणाल्या. मग कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"शेठ, हे सगळे फेकणार का?"

"हो सिस्टर, रद्दी आहे ती."

शेवंताबाईंनी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ठोकून सरळ केला, काखेत मारला आणि रुमाल बांधून उन्हात निघाल्या. मृणालीला काही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती.