गाठीचं खानदान

सूर्यभान मेंढी घ्यायचा ती तिच्या आईची आई कशी होती हे विचारून. लेकीसाठी स्थळ पाहतानाही त्यानं हीच रीत ठेवली. एवढं करून जावई पदरात पडला बिडकीनच्या कंपनीत नट आवळणारा बिभीषण, ज्याच्या हाती सूर्यभाननं कोंबडीसुद्धा राखायला दिली नसती.

आता मात्र अख्खा कळप त्याच्या हाती जायची वेळ आली होती. महिन्यापूर्वी संभाजीनगरच्या दवाखान्यात सूर्यभानच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. वेळेवर सापडली, सगळी निघाली. पण ती परत येईल का, हे त्या काढलेल्या गाठीची जनुकं तपासून ठरणार होतं. धोका मोठा निघाला तर सहा महिने किमो, आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चराईला जाणार बिभीषण. नोकरी सोडून जायला तो आनंदानं तयार होता, हेच मोठं संकट.

जनुकं म्हणजे खानदान, असं सूर्यभानला कन्नडच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून निकालाच्या दिवशी तो सात पिढ्या पाठ करून आला. बायको बानाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. चाळीस वर्षं भाजी खारट झाली तरी तो तिच्या माहेरच्या रक्तालाच दोष द्यायचा. आज नवऱ्याच्या घराण्याचं पितळ उघडं पडणार होतं.

"आज्याचा बाप फकिरा, नव्वद वर्सं जगला," सूर्यभाननं खुर्चीत टेकायच्या आत सुरुवात केली. "पोटाचं दुखनं कुनालाच नाय. लिव्हा."

डॉक्टर दिपालीनं तीन पिढ्या ऐकून घेतल्या. मग म्हणाली, "बाबा, घराण्याची तपासणी वेगळी. ही गाठीची आहे. ती किती द्वाड आहे, ते हिच्यात दिसतं."

"म्हंजी गाठीचं खानदान?"

"तसं म्हणा."

सूर्यभान खुलला. हे त्याला कळणारं होतं. बानाबाईचं तोंड मात्र उतरलं.

"मंग ह्यांच्या घरान्याचं कायीच निघलं नाय?"

"नाही, आजी."

लुगडं वाया गेलं.

"गाठ गरीब निघाली," दिपाली म्हणाली. "किमो नको. दर तीन महिन्यांनी दाखवायला या. अशा शंभर जणांत साधारण आठ जणांना ती परत होते."

"त्या आठात मी हाय का?"

"तेवढं यातून कळत नाही, बाबा."

सूर्यभानला भीती वाटली, अगदी खरीखुरी. ती लपवायला त्यानं पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेतलं.

बानाबाई त्याच्याकडं बघत होती. "शंभरात लांडगा कोंचं मेंढरू उचलतो?"

"कडंचं," तो पुटपुटला. "एकटं चालनारं."

"आन् तुमी कसं चालता?"

उभा जन्म तो कळपाच्या पुढं, एकटाच चालत आला होता.

कन्नडच्या एसटीत बिभीषणनं तिघांचं बाक धरून ठेवलं होतं. सूर्यभान सवयीनं कडेला टेकला.

"मधी सरका," बानाबाई म्हणाली.

खिडकीशी जावई, कडेला बायको, आणि मधे अंग चोरून सूर्यभान. वेरूळ मागं पडलं. मग तो समोर बघतच म्हणाला, "पाव्हनं, दिवाळीनंतर धा-पंधरा दिस येताल का संगं?"