शनीची कडी आणि माझा पुसलेला आरसा

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. माणसांच्या मैत्रीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

मला ताईने घडवले. घरातल्या मागच्या खोलीत, मधे काच झिजवणारी ओली पूड टाकून, तिने काचेवर काच घासली. महिनोन्महिने घासल्यावर वरची काच मधोमध अगदी किंचित खोलगट झाली. तोच माझा आरसा. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर चढला, केसाहून कितीतरी पातळ. बाकी मी म्हणजे जाड पुठ्ठ्याची एक नळी. सगळ्यांनी कौतुक केले. धाकटा भाऊ मात्र, असले आरसे बाजारात तयार मिळतात, एवढेच बोलला. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात जातो.

नोकरीसाठी ताई दुसऱ्या गावी गेली आणि मी याच्या तावडीत सापडले. त्याने मला कॅमेरा जोडला. शनीचा फोटो त्याला हवा होता, ताईलाही हवा होता. पुढच्या हंगामात शनीची कडी आपल्याला कडेने, नुसत्या रेघेसारखी दिसणार होती. पुन्हा ऐसपैस दिसायला काही वर्षे जाणार होती.

हा मला इस्त्रीच्या टेबलाजवळ ठेवायचा आणि अंधार पडला की त्या उबदार खोलीतून थेट अंगणात आणायचा. गरम आरशावरची हवा थरथरत राहते. तापलेल्या तव्यावरून पलीकडे पाहावे तसा शनी डुलायचा, विस्कटायचा. फोटोत ग्रहाऐवजी फुगलेला बटाटा. दोष कोणाचा? माझा. त्याने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘ताईच्या हातचा आरसा. बिघडलेलाच निघाला.’ आत्या-मामांनी हसरे चेहरे पाठवले. ताई सुट्टी काढून स्वतःच आली.

दुपारीच तिने मला अंगणात सावलीला नेऊन ठेवले. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही, असे तिने बजावले.

“दुर्बीण आहे का चहा, निवत ठेवायला?” धाकटा म्हणाला.

ताईने नळीत टॉर्च मारला. आरशावर गोल गोल ओरखडे होते. चष्म्याच्या कोरड्या फडक्याने याने मला खसाखसा पुसले होते. धुळीचा एकेक कण त्या पातळ थरावरून फरफटत गेला होता. मला ओरडता येत नाही, हे त्याचे नशीब.

“पुसलास?”

“धूळ बसली होती. कुणीतरी काळजी नको घ्यायला?”

तिन्हीसांज सरताच ताईने मला शनीवर रोखले. कॅमेऱ्याने हजारो चित्रे टिपली. त्यातली स्थिर तेवढी वेचून तिने संगणकावर एकावर एक रचली. कडी उमटली. दोन कड्यांमधली काळी फटसुद्धा उमटली. ओरखड्यांमुळे थोडा धुरकटपणा आला होता, पण आकार चोख होता. ताईने खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात धाकट्याने तो फोटो ग्रुपवर टाकलाही. खाली ओळ होती, ‘माझ्या नव्या कॅमेऱ्याची कमाल.’

ताईने ती वाचली. मग उठून स्क्रूड्रायव्हर आणला, माझ्या बुडाचे स्क्रू काढले आणि आरसा स्वतःच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवला.

“अगं, मग ही रिकामी नळी घेऊन मी काय करू?”

“पुसत बस,” ताई म्हणाली.

मित्रांनो, दुर्बिणीच्या आरशावर धूळ दिसली तर दिसू द्या. थोड्या धुळीने तिचे काही अडत नाही, तुमच्या फडक्याने मात्र जन्माचे नुकसान होते. फारच हात शिवशिवले तर ज्याने ती घडवली त्याला आधी विचारा. फोटो बिघडला तर आधी स्वतःची घाई तपासा. एवढेही जमणार नसेल तर कुठल्याही दुर्बिणीच्या वाऱ्याला उभे राहू नका. माझ्याकडे आलात तरी चालेल. माझे आता काही बिघडायचे राहिलेले नाही. माझ्यातून आरपार दिसते, पण समोरच्या भिंतीपर्यंतच.