तीन गाठींची पुरचुंडी

पहिला दगड बरणीवर बसला, दुसरा मुळीवालीच्या गुडघ्यावर. तिसरा यायच्या आत तिची मुलगी दारात आडवी आली. डोकं लगेच पेटायचं म्हणून अख्खी गल्ली तिला ठिणगीच म्हणायची.

समोर गॅरेजवाला. एका हातात दगड, दुसऱ्या हातात हातभर लांब लोखंडी पाना. भर दुपारची वेळ, पण एकाही शेजाऱ्यानं खिडकी उघडली नाही.

"बाजूला हो. माझा भाऊ हॉस्पिटलात पडलाय. तोंड बधीर, हातपाय लाकूड. डॉक्टर म्हणतात, हृदय अडखळतंय, पण कशानं ते कळत नाही. मला कळतंय. सकाळी तुझ्या आईची मुळी खाल्ली त्यानं."

"मुळीनं माणसं मरत असती तर तुमची आई कधीच मेली असती. गेल्या वर्षी खाटेवरून उठली ती कुणामुळे? तेव्हा बरे पाया पडत होता."

गॅरेजवाल्यानं तिच्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती चौकटीवर आपटली. ओठ फुटला. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, त्यानं तिला झटकून कोपऱ्यात फेकली आणि पाना फिरवत फळीवरच्या बरण्या एकेक करून फोडायला सुरुवात केली. सालं, पानं, बिया, काचा, सगळा एकच चिखल झाला.

मुळीवाली जमिनीवर बसूनच बोलली. "फोड. पण मी कच्ची दिलेली नाही. तीन गाठी मोजून दिली."

त्या घरात सगळा कारभार गाठींवर चाले. बोटाएवढी काळी मुळी कच्ची म्हणजे निव्वळ विष. फडक्यात बांधून तीनदा उकळायची, दरवेळी पाणी मागच्या खड्ड्यात ओतून वर धोंडा ठेवायचा. त्या खड्ड्यात एकदा शेजारच्या बकरीनं तोंड घातलं होतं. ती चार पावलं चालली आणि आडवी झाली ती झालीच. तीनदा उकळलेली तीच मुळी नखभर घेतली की धरलेले गुडघे सुटायचे. एकेक उकळी झाली की पुरचुंडीच्या चिंधीला एक गाठ. मुळीवाल्या म्हातारीच्या डोळ्यांत सारा पडून दिसेनासं झालं होतं, त्यामुळे ती बोटांनीच गाठी चाचपायची आणि म्हणायची, "माझे डोळे आता बोटांना फुटलेत."

गॅरेजवाल्यानं खिशातून उरलेली पुरचुंडी काढली आणि म्हातारीच्या मांडीवर आपटली. "ही घे. तीन गाठी आहेत ना? मग खा. माझ्यासमोर."

"आण."

ठिणगीनं पाहिलं. चिंधी हिरवी होती, तिच्याच जुन्या कुडत्याची.

काल ही पुरचुंडी तिनंच बांधली होती. उकळत्या पाण्यातून काढलेल्या चिंधीला गाठ मारताना बोटं भाजतात, म्हणून तिनं कोरडी असतानाच तिन्ही गाठी मारून ठेवल्या होत्या. मग नळावर एकीनं तिची बादली सरकवली. ठिणगी तिच्या झिंज्या धरायला धावली, तासभर भांडली, ओरबाडून घेऊन परत आली आणि पुरचुंडी विसरली. ती फळीवर तशीच राहिली. मग आईची बोटं तिच्यावरून फिरली, तीन गाठी लागल्या आणि तिनं ती गॅरेजवाल्याच्या भावाला दिली.

म्हातारीनं फडकं सोडलं, मुळीचा तुकडा उचलून तोंडाशी नेला.

ठिणगीनं झेप घेतली. तुकडा उडाला. "घाबरलीस ना," गॅरेजवाला म्हणाला, आणि पुरचुंडीवर ठेवलेल्या तिच्या हातावर त्यानं पाना हाणला. दोन बोटं काड्यांसारखी मोडली. ती ओरडली नाही. दात आवळून बोलली.

"कच्ची आहे. गाठी मी आधीच मारल्या. एकदाही उकळली नाही. आईला माहीत नाही."

गॅरेजवाल्यानं पाना पुन्हा वर उचलला, या वेळी डोक्यावर.

"थांब," म्हातारी म्हणाली. फुटक्या गुडघ्यावर रांगत आली आणि आधी तिनंच पोरीच्या थोबाडीत मारली. मग त्याच्याकडे मान वळवली. "हिला मारलंस तर डॉक्टरला काय सांगशील? किती मुळी बांधली, कशी कच्ची राहिली, हे हिलाच ठाऊक. आधी तिथं ने. मग तुझं तू बघ."

पाना दोन क्षण हवेतच राहिला. मग त्यानं ठिणगीची वेणी मुठीत धरली आणि फरफटत गाडीपर्यंत नेली. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "तो गेला तर तू जिवंत परतणार नाहीस."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी ऐकलं, ठिणगीनं धरून आणलेली पुरचुंडी हुंगली आणि धावल्याच. दिवस कलेपर्यंत यंत्राची टिकटिक कधी पळायची, कधी अडखळायची. गॅरेजवाला भिंतीवर मूठ मारत राहिला. प्रत्येक अडखळीला तो ठिणगीकडे बघे. शेवटी भावानं डोळे उघडले आणि जड जिभेनं त्याला एक कचकचीत शिवी दिली. गॅरेजवाला मटकन खाली बसला.

चौथ्या दिवशी तो पुन्हा दारात आला. पाना नव्हता. हातावर चाव्याचा व्रण काळा पडला होता.

"आईचे गुडघे पुन्हा धरलेत," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "रात्रंदिवस कण्हते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट जळतं तिचं."

"माझ्या पोरीची बोटं मोडून मुळी मागायला आलास?"

"तुझ्या पोरीनं माझा भाऊ मारला असता."

दोघांचंही खरं होतं.

"बस मग," म्हातारी म्हणाली. "डोळ्यांदेखत उकळते. तूच मोज. आणि आधी डॉक्टरांना विचार, त्यांच्या गोळ्यांबरोबर चालेल का. नाही म्हणाले, तर ही खड्ड्यात जाईल."

पातेलं चढलं. पहिली उकळी झाली, पाणी खड्ड्यात गेलं, धोंडा बसला. म्हातारीनं वाफाळती पुरचुंडी चिमट्यानं उचलून पोरीसमोर धरली.

"मार गाठ."

ठिणगीचा उजवा हात पट्टीत होता. तिनं चिंधीचं एक टोक डाव्या हातात घेतलं, दुसरं दातांत धरलं. फुटलेला ओठ चरचरला, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं गाठ आवळली.

"एक," गॅरेजवाला हळूच म्हणाला.