हातभर चर

"बघा, भूमी निवली!" बाबा गरजले, आणि पन्नास माणसांनी हात जोडले.

चमत्कार तसा डोळ्यांदेखत होता. शेजारच्या कारखान्यात घण पडला की अख्खी गल्ली हादरायची, जमिनीवरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं. बाबांनी तोच पेला उचलला, फुंकर मारली, आपल्या आसनावर ठेवला, आणि घण पडत असतानाही पाणी गप्प!

"आता गल्लीभोवती हातभर चर खणा. आणि भिंतींचे लोखंडी टेकू आजच काढा. भूमीला लोखंड टोचतंय. तीन दिवसांत सगळं शांत!"

गल्लीतल्या शिवणवालीचा नवरा कंबर मोडून तडकलेल्या भिंतीशीच पडून होता, घणागणिक कळवळत. महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर झाले, अर्ज झाले. आता बाबा तेवढे उरले होते. ती पाना घेऊन उठलीच.

"वहिनी, थांबा! टेकू काढलात तर भिंत भाऊंच्या अंगावर येईल!"

ही होती, जमीन तपासायला आलेली इंजिनिअरबाई. सकाळपासून ती रस्त्यात ओळीने यंत्रं रोवून लोखंडी पत्र्यावर हातोडा मारत होती. बाई जमिनीची नाडी बघतेय, म्हणून गल्लीने तिची यथेच्छ टिंगल केली होती. ती बाबांना एवढंच म्हणाली, "फुंकरलेला पेला परत खाली ठेवा की."

"भूमीची परीक्षा घेतेस, मुली?"

शेवटी शिवणवालीनेच पेला खाली ठेवला. घण पडला. पाणी थरथरलं. बाईने आसनावरचं कापड ओढलं. आत दगडी लादी, आणि तिच्याखाली वीतभर जाड स्पंज.

"हादरा स्पंज गिळतो, मंत्र नाही."

शिवणवाली पाना टाकून खाली बसली. रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "मग चरही खोटा?"

"चर खरा, खोली खोटी. माझ्या हातोड्याची लाट इथल्या जमिनीतून किती वेगाने पळते ते मोजलं. त्या हिशेबाने घणाची लाट बारा मीटर लांब निघते. हातभर चराखालून ती आरामात जाईल. लाटेच्या निम्म्याहून खोल, सात मीटर तरी खणायला हवं. तीन महिने लागतील. तोवर टेकू राहू द्या, आणि भाऊंना त्या खोलीतून हलवा."

"तीन महिने!" तिला रडू फुटलं. "आणि तुमचं चुकलं तर?"

"चुकू शकतं. चर झाला की हीच यंत्रं पुन्हा लावू. आकडा तुम्ही स्वतः वाचा. हादरा कमी झाला नसेल तर मला जाब विचारा. यांना विचारता येईल?"

बाबा केव्हाच चपला शोधायला लागले होते. आपण त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता, हे शिवणवालीच्या आत्ता लक्षात आलं. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. डोळे पुसून ती उठली.

"खाट उचलायला चौघं चला," ती गर्दीला म्हणाली. "आणि यापुढे कुणीही काहीही सांगू दे, ही बाईसुद्धा, आधी विचारा, कशावरून?"