शिंपीकाकांच्या भिंतीवरचा मासा

नाटकांचे पडदे रंगवणारे बाबा गेले, तेव्हा गल्लीतली निळी रेघ अर्ध्यावरच राहिली होती. तीस वर्षांनी समुद्राचं पाणी कुठवर चढेल, ते दाखवणारी ही रेघ भिंती-भिंतींवर ओढायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. आता लेकीनं ब्रश उचलला, तर पहिल्याच दुकानाशी शिंपीकाका आडवे आले.

“अपशकुन नको, पोरी. तुझा बाप निदान हसवायचा तरी!”

“बरं, नुसता मासा काढते.”

तिचा हात पडद्यांवर तयार झालेला. शेवटच्या रांगेतून दिसावं असं सगळं मोठं. माशाचे डोळे ताटलीएवढे झाले, कल्ले झुपकेदार मिशांसारखे. काकू बाहेर आल्या आणि किंचाळल्या, “अगं बाई, हे तर आमचे हेच!”

गल्ली खो खो हसली. काका आधी फुगले, मग स्वतःच हसत सुटले.

“आमच्या सासूबाईंचा खेकडा काढ गं!” समोरून कुणीतरी ओरडलं.

“काढते, पण पाण्याशिवाय ना मासा जगायचा, ना खेकडा. आधी रेघ!”

“ओढ बाई, ओढ!” काका म्हणाले.

रेघ शिलाई मशीनच्या वरून गेली. काकांनी डोळे विस्फारले. “म्हणजे माझं मशीन बुडणार?”

“तीस वर्षं आहेत, काका.”

“माझ्या मिशा बुडू देत, मशीन नाही! धरा रे!”

अर्धी गल्ली मशीन उचलून माडीवर निघाली. मागे अर्धवट शिवलेली पँट फरफटत होती आणि काकू तिच्यामागे धावत होत्या. पुढची रेघ ओढताना लेक कितीतरी दिवसांनी इतकी हसली, की हात हलला आणि रेघ लाटेसारखी वाकली. तिनं ती तशीच राहू दिली.